ऑक्सिजन संपत नाही, कमी पडतो

सुलू,

त्या रविवारी सकाळी तुझी आर्या माझ्या दारात उभी राहून फक्त एवढंच म्हणाली, "नीतामावशी, आई बाथरूममधून ओ देत नाहीये." मी हातातला चहाचा कप खाली न ठेवताच तिच्यामागे जिना चढले. कप घेऊन, सुलू. मला वाटलं, तू नळ सोडून गुणगुणत असशील, तुला ऐकू आलं नसेल. दोन शिव्या घालू आणि चहा गार व्हायच्या आत खाली येऊ.

तुमच्या बाथरूमच्या दारावर मी आधी बोटांनी टकटक केलं, मग मुठीने, मग तळहातांनी. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि त्यामागे गिझरची ती बारीक घरघर. समोरचे सावंतकाका बनियनवरच धावत आले. त्यांनी खांदा लावला आणि कडी उचकटली. आतून वाफेचा लोट अंगावर आला. तू भिंतीला टेकून बसली होतीस. आर्याने खुंटीवरचा टॉवेल ओढून तुझ्या अंगावर टाकला. तुझे गाल छान गुलाबी दिसत होते. खरं सांगते, ते गाल बघून मला हायसं वाटलं. मी काकांना म्हटलं, "चक्कर आलीय हिला, तोंडावर पाणी मारा."

काका ओरडले, "खिडकी उघडा आधी!" मी खिडकीकडे हात नेला, तर खिडकीच नव्हती. झरोक्याच्या काचांवर पुठ्ठा लावलेला, चारी बाजूंनी चिकटपट्टी. तुझं काम ते, एकदम व्यवस्थित. कोपरे दुमडलेले, कुठेही फट नाही. ती पट्टी मी नखांनी ओरबाडून काढली. अजून माझ्या दोन नखांखाली काळं-निळं आहे.

हॉस्पिटलात त्या तरुण डॉक्टरने तुला तपासायच्या आधीच विचारलं, "गॅसचा गिझर होता का? हवा यायला जागा होती?" मग थोड्या वेळाने तो बाहेर आला आणि त्याने हातमोजे काढले. ते काढण्यावरूनच मला कळलं. तो म्हणाला, गाल गुलाबी होते ते त्या वायूमुळेच. मला मघाशी हायसं वाटलेलं आठवलं आणि मी तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात ओकले.

आर्याचे बाबा, दिनेशभाऊजी, बंदरातली पाळी अर्धवट टाकून आले. डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढायचं भान नव्हतं. ते सारखं एकच वाक्य म्हणत होते, "पण तिला तर माहीत होतं. पण तिला तर सगळं माहीत होतं."

हेच तर, सुलू. मला अजूनही हेच उमगत नाहीये. तू? ह्या अख्ख्या पनवेलमध्ये तू?

लोकांनी तर ताळच सोडला. अंत्ययात्रेला आलेल्या कुणी तरी मागे कुजबुजलं, "सायन्सच्या बाई होत्या ना ह्या? मग?" त्या 'मग?'वर मला त्या बाईच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. मग काय? बारा महिने ती खिडकी उघडी असायची, पावसाळ्यातसुद्धा. थंडीत आर्या कुरकुर करायची, "आई, वारा येतो," तर तू म्हणायचीस, "येऊ दे, त्यासाठीच आहे ती." सोसायटीने इमारत रंगवायला काढली, बाहेर बांबूंची परांची चढली आणि तुझ्या खिडकीसमोर माणसं उभी राहायला लागली, एवढंच झालं. घरात एक वयात आलेली मुलगी. तू पुठ्ठा लावलास. रंगाचं काम संपलं की काढणार होतीस. मला म्हणालीही होतीस, जिन्यात, हातात चिकटपट्टीचं बंडल घेऊन, "चार दिवसांचा तर प्रश्न आहे." मी म्हटलं, "मला पण उरलेली पट्टी दे, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लावते, धूळ येते फार." आपण दोघी त्यावर एवढंच बोललो. तुझ्या डोक्यात त्या वेळी खिडकी म्हणजे माणसांची नजर होती. हवा नव्हती. असं होतं गं. कुणाचंही होतं. तुझंही झालं, यावर माझा विश्वास बसत नाही.

दुसऱ्या दिवशी परांचीवरचा तो उंच रंगारी खाली येऊन माझ्या दाराशी उभा राहिला. हात रंगाने माखलेले, तसेच जोडलेले. म्हणाला, "दीदी, खिड़की हमारी वजह से बंद थी ना?" मी त्याला आत बोलावलं, पाणी दिलं. "नाही" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

आपली ओळखच मुळी तुझ्या मेणबत्त्यांमुळे झाली. मी शाळेत नवीन होते, सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होते आणि पलीकडच्या वर्गातून अख्खा वर्ग एका सुरात अंक मोजत होता. थांबायचे, हशा व्हायचा, पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. माझी मुलंही नकळत त्यांच्याबरोबर मोजायला लागली. मी तणतणत तुझ्या दारात आले. बघते तर टेबलावर ओळीने मेणबत्त्या आणि त्यांच्यावर पालथ्या घालायला तू घरून आणलेल्या बरण्या: चटणीची बाटली, मुरांब्याची, मग लोणच्याची, आणि शेवटी पापड ठेवायची ती मोठी काचेची. तू माझ्याकडे वळून, जसं काही मला बोलावणंच पाठवलं होतं अशा थाटात म्हणालीस, "या बाई, बरं झालं. सांगा, बरणी दुप्पट मोठी केली तर मेणबत्ती दुप्पट वेळ जळेल का?"

मी म्हटलं, "जळायला हवी."

"हवी. पण जळते का?"

मग आपण दोघींनी मिळून तो तास घेतला. माझ्या वर्गाला मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसवलं. मुलं मोजत होती, मी फळ्यावर आलेख काढत होते. बरणी मोठी तसा वेळ वाढत होता, पण रेष काही सरळ येईना. कधी बरणी गरम राहिलेली, कधी वात लांब. मी हट्टाने सरळ रेष ओढायला गेले तर तू माझा हात धरलास. "ठिपके जिथे आहेत तिथेच राहू द्या हो. ते खरे आहेत. रेष तुमची आहे." त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मी तुझ्याच शेजारी बसले. तुझ्या डब्यातल्या करंजा बंदरावरून आलेल्या सुकटीच्या वासाने माझा वरण-भात कित्येक वर्षं बाटला, आणि मी एकदाही जागा बदलली नाही.

मुलांच्या वह्यांमध्ये एक वाक्य तू न चुकता खोडायचीस. सगळी मुलं लिहायची, 'बरणीतला ऑक्सिजन संपतो म्हणून मेणबत्ती विझते.' तू 'संपतो'वर काट मारून वर लाल शाईने लिहायचीस, 'कमी पडतो.' मी एकदा म्हटलं, "काय फरक पडतो गं? विझली ना शेवटी?" तू इतकी गंभीर झालीस, की मला वाटलं काही तरी घरगुती विषयाला हात लागला. म्हणालीस, "मेणबत्ती विझते तेव्हासुद्धा बरणीत निम्म्याहून जास्त ऑक्सिजन शिल्लक असतो, नीता. तो असतो, पण तिला पुरत नाही. असणं वेगळं आणि पुरणं वेगळं."

आणि कोनची, तुझ्या माहेरच्या गावची, ती विहीर. ती गोष्ट मला तुझ्याशीच बोलायला हवी, कारण तिथे असलेल्यांपैकी दुसऱ्या कुणाशी बोलायला गेले की ते रडतात.

मे महिना होता. आंबे न्यायला म्हणून तू मला माहेरी घेऊन गेलीस. शेत कधीच गेलं होतं, शेजारी गोदामाची भिंत उभी होती, पण तुझ्या वडिलांनी, आप्पांनी, विहीर आणि तिच्या कडेची चार झाडं राखली होती. तुझा चुलतभाऊ जगन त्या दिवशी विहिरीत उतरून गाळ काढणार होता. वर्षानुवर्षं त्या विहिरीत कुणी बादली टाकली नव्हती. तू स्वयंपाकघरातून एक स्टीलचा डबा आणलास, त्याच्या बुडाला मेण पाडून मेणबत्ती चिकटवलीस आणि डब्याला सुतळी बांधलीस. भर उन्हात मेणबत्ती पेटवताना बघून जगन हसला. "ताई, विहिरीचा बड्डे हाय काय आज?"

आम्ही सगळे काठावरून वाकलो. डबा हळूहळू खाली गेला. ज्योत आधी स्पष्ट दिसत होती, मग पिवळी पडली, बारीक झाली, आणि गेली. तू डबा वर ओढलास, पुन्हा पेटवलीस, पुन्हा सोडलास. त्याच जागी गेली.

आप्पा म्हणाले, "वारा लागला असंल."

"विहिरीत कुठला वारा, आप्पा? खाली हवा नाय. असली तरी पुरायची नाय."

"माज्या बानं गाळ काडला, मी काडला. आमी काय मेणबत्त्या लावून उतरलो नाय."

तू माहेरच्या बोलीत गेलीस. मला तुझी ती बोली फार आवडायची, शाळेत ती कधी ऐकायला मिळायची नाही. "तवा विहीर वापरात व्हती, आप्पा. रोज घागरी बुडत व्हत्या, पानी हलत व्हता. आता ती नुसती झाकल्यासारखी पडलीय."

आप्पांचा आवाज चढला. पाव्हण्यांसमोर लेक आपल्याला शिकवते, याचा तो राग होता. जगनने बापासारख्या माणसाचा मान राखायचा म्हणून सदरा काढला आणि पायऱ्यांच्या खोबणीकडे निघाला. तेव्हा तू काय केलंस, आठवतंय? साडी खोचलीस आणि त्या पहिल्या खोबणीवर, विहिरीच्या तोंडाशी, पाय आत सोडून बसलीस. "उतरायचा आसंल तर माज्यावरून उतर."

मला तर तूच आत पडशील अशी धास्ती वाटली. शेवटी आप्पा पाठ फिरवून झाडाखाली जाऊन बसले. जगनने आंब्याच्या फांद्या तोडल्या, त्यांची मोळी दोराला बांधली आणि आम्ही आळीपाळीने ती विहिरीत वर-खाली घुसळत राहिलो. मधून मधून वरून पाणी ओतायचं. माझ्या हातांना फोड आले. ऊन कलल्यावर तू पुन्हा डबा सोडलास, आणि ज्योत तळापर्यंत गेली, जळत राहिली. जगनने शिट्टी मारली. झाडाखालून आप्पा उठून आले, त्यांनी वाकून बघितलं आणि तुझ्या डोक्यावर टपली मारली.

मला वाटलं, झालं. पण तू जगनला म्हणालीस, "आता कमरंला दोर बांद. आनि खाली गेल्यावर गप्प बसू नको, बोलत रहा."

यावरूनच आपला वाद पेटला. परतताना रिक्षात, मांडीवर आंब्यांची पिशवी धरून मी म्हटलं, "मेणबत्ती तळाला जळत होती ना? मग दोर कशाला? एक तर चाचणीवर विश्वास ठेव, नाही तर ती करूच नको."

"मेणबत्ती फक्त एवढंच सांगते की तिला पुरेल इतका ऑक्सिजन आहे. त्या हवेत आणखी काय मिसळलंय ते ती सांगत नाही."

"मग ती चाचणी कसली?"

"अर्धी."

"अर्धी चाचणी म्हणजे काहीच नाही, सुलू. विझली तर थांबा, जळली तर जा, असं स्वच्छ काही तरी हवं."

"विझली तर थांबा, हे बरोबर. जळली तर जा, हे बरोबर नाही. तुमच्या गणितात हे येत असेल की उलट वाक्य आपोआप खरं नसतं म्हणून. तूच शिकवतेस ना ते?"

मी चिडले, कारण ते खरंच मी शिकवते. मग तू अजून काही म्हणालीस. ते मी तेव्हा नीट ऐकलं नव्हतं, रिक्षा खड्ड्यांतून उसळत होती. आता मात्र रोज ऐकते आहे. "आणि विझणं ही शेवटची गोष्ट असते गं. त्याच्या आधी ज्योत बिघडते. हवा कमी पडली की ती नीट जळत नाही, भलतंच काही तरी तयार करायला लागते. त्याला रंग नाही, वास नाही. ते कळायला मेणबत्ती उपयोगाची नाही."

हा वाद आपण किती वर्षं घातला! स्टाफरूममध्ये, निवडणुकीच्या ड्युटीवर, तुझ्या आत्याच्या श्राद्धाला पंगतीत. मी म्हणायचे, अर्ध्या उत्तराने माणूस फसतो. तू म्हणायचीस, अर्धं उत्तर अर्धंच आहे हे लक्षात ठेवलं तर नाही फसत. "एकदा तुला पटवूनच देते," असं म्हणून तू उठायचीस आणि घंटा व्हायची.

त्याच रिक्षात, वाद थकल्यावर, मी एकदम म्हटलं होतं, "सुलू, मी नाशिक का सोडलं ते तू कधी विचारलं नाहीस." गळ्यात मंगळसूत्र नसलेली, एकटी राहणारी बाई म्हणून पनवेलला आले तेव्हापासून शाळेतल्या प्रत्येकीने काही ना काही वळणाने ते विचारलं होतं. मला घर मिळवून देणारी, तुझ्याच इमारतीत, मालकाला "माझी बहीण आहे" असं बेधडक सांगणारी तू एकटीच होतीस जिने विचारलं नव्हतं. तू आंब्याची पिशवी माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतलीस आणि म्हणालीस, "सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. नाही सांगितलंस तरी काही अडत नाही माझं." मला तेव्हा सांगायचं होतं, सुलू. सगळी वाक्यं तयार होती. पण तुझ्या त्या बोलण्याने इतकं मोकळं वाटलं की सांगायची गरजच उरली नाही. मग ते राहिलं. आता ते कुणाला सांगणार मी? आणि 'थँक्यू' तरी? बहीण म्हणून सांगितलंस त्याबद्दल? मनातल्या मनात मी ते जिन्यातून उतरताना रोजच म्हणायचे.

स्मशानात जगन माझ्याजवळ आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. "बाई, त्या दिवशी ती आडवी बसली नसती तर मी गेलोच असतो ना आत? मला कोनी तरी सांगा, मी मेलो असतो का?" मी म्हटलं, कुणालाच ठाऊक नाही. आणि मी त्याला तरी काय सांगणार? मला तर तुझ्या दारात आडवं बसायला हवं होतं, असं काही तरी मनात येत होतं. पण माझ्याकडे तर विझणारी ज्योतही नव्हती. काहीच नव्हतं. पाण्याचा आवाज येत होता आणि गिझर चालू होता.

शाळा दोन दिवस बंद ठेवून पुन्हा उघडली. मुख्याध्यापक म्हणाले, दुसरी व्यवस्था होईपर्यंत आठवीचा विज्ञानाचा तास तुम्ही घ्या, ज्वलनाचा धडा राहिलाय. मी नाही म्हणणार होते. मग प्रयोगशाळेच्या कपाटात तुझ्या बरण्या दिसल्या, पुसून, पालथ्या घालून ठेवलेल्या.

मी त्या घेऊन वर्गात गेले. मुलं मोजत होती, पण अगदी हळू आवाजात, जणू शेजारी कुणी आजारी आहे. छोटी बरणी विझली, मधली विझली, मोठी बराच वेळ जळत राहिली. मी तुझ्यासारखंच म्हटलं, संपत नाही, कमी पडतो. तेवढ्यात मधल्या बाकावरची ती चष्मेवाली गार्गी उभी राहिली. तीच, जी तुला भंडावून सोडायची.

"बाई, सुलभाबाईंच्या बाथरूममध्ये मेणबत्ती ठेवली असती तर ती विझली असती का?"

कुणी तरी तिचा फ्रॉक ओढून तिला खाली बसवू बघत होतं. मी टेबलाची कड धरली. कारण हा प्रश्न मी त्या डॉक्टरांना विचारला होता, दुसऱ्यांदा जाऊन, वेड्यासारखा. आणि त्यांनी उत्तर दिलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "बहुतेक विझली नसती. गिझरची ज्योतसुद्धा विझली नव्हती. बाथरूम बंद होतं, ऑक्सिजन कमी होत गेला, त्यामुळे ज्योत नीट जळेना आणि तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार झाला. तो फार थोडा पुरतो. मेणबत्ती विझायच्या कितीतरी आधी माणूस बेशुद्ध होतो."

हे मी म्हणत होते, सुलू. माझ्या तोंडून. आपल्या वादातली तुझी बाजू मी फळ्यासमोर उभी राहून मांडत होते, आणि शब्दन् शब्द खरा होता. म्हणालीच होतीस तू, एकदा पटवूनच देते म्हणून. पण असं? असं पटवतात का कुणाला? मला इतका राग आला तुझा, की खडू हातात मोडला.

मग गार्गी म्हणाली, "बाई, आमच्याकडे पण गॅसचा गिझर आहे." मागून आणखी कुणी म्हणालं, आमच्याकडे पण. मी विचारलं, "किती जणांकडे?" आणि निम्म्याहून जास्त हात वर आले. "खिडकी उघडी असते?" तर एकीच्या आईने वर्तमानपत्र चिकटवलेलं, एकाकडे कबुतरं येतात म्हणून प्लायवूड ठोकलेलं, एकाकडे खिडकी उघडते ती बाल्कनी बंद करून काढलेल्या खोलीत. धडा राहिला बाजूला. उरलेला तास आम्ही फक्त खिडक्यांबद्दल बोललो. मी सांगितलं, आज घरी जाऊन आधी ती खिडकी मोकळी करायची, आणि जिथे खिडकी नाही तिथे गिझर आत ठेवायचाच नाही, आई-बाबा ऐकत नसतील तर त्यांना मला भेटायला पाठवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी काही पालक उभे होते. मला वाटलं, भांडायला आलेत. त्यांतला एक रिक्षावाला बाप म्हणाला, "बाई, गिझर बाहेर पॅसेजमध्ये बसवायला माणूस बोलावलाय. पोरगी काल आंघोळीलाच जाऊ देईना कुणाला." म्हणजे दारात आडवी बसली असणार ती. मी हसले आणि हसताना मला तिथेच, फाटकाशी, त्या सगळ्यांसमोर रडू फुटलं.

आप्पा तुझ्या घरी आहेत. बसल्या जागेवरून हलत नाहीत. काल मी त्यांच्यासाठी पेज घेऊन गेले तर त्यांनी माझा हात धरला. "बाई, तुमी शिकलेल्या. मला येक सांगा. तिला कळला आसंल का? जीव घाबरा झाला आसंल का तिचा? आरडली आसंल, नि आमाला ऐकू नाय आला, आसा झाला का?"

मी ते डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी सांगितलं तेच सांगितलं. आधी डोकं जड होतं, मग झोप आल्यासारखं वाटतं, पाय उचलत नाहीत. बहुतेक वेळा माणसाला काही तरी बिघडलंय हेच कळत नाही.

"मंग तरास नाय झाला?"

"नाही, आप्पा."

त्यांनी बराच वेळ मान हलवली. मग म्हणाले, "पन तिला कळायला पायजे व्हता. तिला तरी कळायला पायजे व्हता." आणि पेजेची वाटी तशीच बाजूला सारली.

त्या 'बहुतेक'वर मी रोज अडते, सुलू. बहुतेक वेळा. बाकीच्या वेळी काय? तुला एक क्षण तरी कळलं असेल का? कळलं असेल तर तू, तू म्हणून, त्या क्षणी काय म्हणाली असशील? मला वाटतं, तू कडीकडे हात नेला असशील. मला वाटतं, तू नसशीलच नेला. दोन्ही मला सहन होत नाही.

आज सकाळी आर्या खाली आली. खारघरला कॉलेजात पुन्हा जायला लागायचंय, प्रॅक्टिकल चुकवून चालणार नाही, म्हणाली. पण ती दारातच घुटमळत होती. केसांच्या जटा झाल्या होत्या. त्या दिवसापासून ती वर बाथरूममध्ये फक्त थंड पाण्याचे दोन तांबे अंगावर घेऊन, दार उघडं टाकून, पळत बाहेर येते, असं भाऊजींनी मला सांगितलं होतं. "मावशी, केस धुवायचेत," ती म्हणाली. "पण तुझ्याही बाथरूममध्ये मला नाही जाता येणार."

मी मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं. बाल्कनीत पाट मांडला, परांची आता उतरवली आहे, समोर नुसतं आभाळ होतं. ती पाटावर गुडघे पोटाशी घेऊन बसली, एवढी मोठी मुलगी, आणि मान पुढे टाकली. मला मूल नाही, हे तुला माहीत आहे. कुणाचे केस धुवायचे कसे, हे मला येत नव्हतं. डोळ्यांत फेस जाऊ नये म्हणून तिच्या कपाळावर हात आडवा धरायचा असतो, हे तिनेच माझा हात धरून दाखवलं. मग तिचे खांदे हलायला लागले आणि मी तांब्या खाली न ठेवता पाणी ओतत राहिले.

थोड्या वेळाने मी विचारलं, "पाणी फार गरम नाही ना झालं?"

खाली मान घालूनच ती म्हणाली, "नाही. अजून थोडं गरम चालेल."